निकाल आधी, नेमणूक नंतर

(पडद्यावर : सकाळची वेळ, सर्वोच्च न्यायालयाचा घुमट)

६ जुलै २०१८. न्यायमूर्ती आदर्शकुमार गोयल या दिवशी सर्वोच्च न्यायालयातून निवृत्त झाले. पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे अध्यक्ष म्हणून त्यांच्या नेमणुकीचा आदेशही त्याच दिवशी निघाला. मधे एक रात्रसुद्धा गेली नाही.

यात बेकायदा काहीच नव्हतं. हरित न्यायाधिकरणाचा २०१० चा कायदाच सांगतो, की अध्यक्ष सर्वोच्च न्यायालयाचा आजी-माजी न्यायमूर्ती किंवा उच्च न्यायालयाचा मुख्य न्यायमूर्ती असावा. सरन्यायाधीशांशी सल्लामसलत करून नेमणूक करतं केंद्र सरकार. पण आदेश त्याच दिवशी निघतो, याचा अर्थ नाव त्याआधी ठरलेलं असतं. ते ठरतं तेव्हा न्यायमूर्ती न्यायासनावर असतात, आणि त्यांच्यासमोरच्या कितीतरी खटल्यांत एक पक्षकार असतं सरकार. कुणा एका न्यायमूर्तींच्या सचोटीबद्दल आम्ही बोलत नाही. ज्या पद्धतीत सचोटीच्या माणसावरही संशय घेता येतो, त्या पद्धतीबद्दल बोलतोय.

(पडद्यावर : संविधान सभेची कृष्णधवल छायाचित्रं)

हा प्रश्न राज्यघटना लिहिली जात असतानाच विचारला गेला होता. मे १९४९ मध्ये प्रा. के. टी. शहा यांनी संविधान सभेत दुरुस्ती मांडली. जो पाच वर्षं न्यायाधीश राहिला, त्याला सरकारच्या हाताखालचं कुठलंही कार्यकारी पद देऊ नये. त्या पदांत राजदूतपदही त्यांनी नाव घेऊन धरलं होतं.

डॉ. आंबेडकरांनी ही दुरुस्ती मान्य केली नाही. त्यांचं म्हणणं असं, की न्यायालयं मुख्यतः नागरिकानागरिकांतले तंटे सोडवतात. त्यात सरकारचा संबंध असलाच तर फार दूरचा, म्हणून न्यायाधीशावर सरकारचा प्रभाव पडण्याची शक्यताही कमीच. १९४९ च्या न्यायालयांकडे पाहून बाबासाहेबांनी केलेला हा अंदाज होता. त्या वेळी मूलभूत हक्क अजून अमलात यायचे होते, सर्वोच्च न्यायालय जन्माला यायचं होतं. पुढच्या काही वर्षांत जमीनदारी, मालमत्ता, आरक्षण, भाषणस्वातंत्र्य अशा एकेका प्रश्नावर नागरिक सरकारलाच न्यायालयात खेचू लागला. आज देशातला सगळ्यात मोठा पक्षकार सरकार आहे.

हा बदल पहिल्या विधी आयोगाने लगेच टिपला. अध्यक्ष होते मोतीलाल सेटलवाड. १९५८ च्या अहवालात आयोगाने म्हटलं, की सर्वोच्च न्यायालयातल्या पुष्कळ खटल्यांत सरकार पक्षकार असतं. निवृत्तीनंतर सरकारी नोकरीकडे डोळे लावून बसलेला न्यायाधीश तटस्थ राहील, यावर सामान्य माणसाचा विश्वास बसणार नाही. म्हणून अशा नेमणुका बंद करा.

(पडद्यावर : मुंबई उच्च न्यायालयाची दगडी इमारत)

या आयोगाचे एक सदस्य होते मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला. निर्भीड माणूस. त्याच वर्षी मुंद्रा प्रकरणाची, म्हणजे आयुर्विमा महामंडळाच्या पैशांच्या गैरव्यवहाराची, चौकशी त्यांनी उघड, लोकांसमोर चालवली आणि तिच्या परिणामी अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारींना जावं लागलं. आणि त्याच वर्षी छागला उच्च न्यायालय सोडून अमेरिकेत भारताचे राजदूत झाले. पुढे केंद्रात मंत्रीही झाले.

छागला सरकारला घाबरत होते, असं कोण म्हणेल? त्यांच्यासारख्या माणसालाही ते पद नाकारावंसं वाटलं नाही, एवढंच इथे लक्षात घ्यायचं. प्रश्न प्रत्येकाच्या विवेकावर सोपवला तर काय होतं, याचं यापेक्षा स्पष्ट उदाहरण आम्हाला सापडलं नाही.

यात कुठलाच पक्ष मागे नाही. सर्वोच्च न्यायालयातून बाहेर पडलेले फझल अली १९५२ मध्ये ओडिशाचे राज्यपाल झाले. डिसेंबर १९८२ मध्ये बिहारचे काँग्रेसचे मुख्यमंत्री जगन्नाथ मिश्र यांच्यावरचा खटला मागे घेणं सर्वोच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक मतांनी योग्य ठरवलं. वेगळं मत नोंदवणारे होते न्यायमूर्ती तुळजापूरकर. बहुमतात होते न्यायमूर्ती बहारुल इस्लाम. महिन्याभरात, निवृत्ती तोंडावर आलेली असताना, इस्लाम यांनी राजीनामा दिला. कशासाठी? तर काँग्रेसचे उमेदवार म्हणून लोकसभा लढवण्यासाठी. पुढे ते राज्यसभेत गेले. माजी सरन्यायाधीश रंगनाथ मिश्रही १९९८ मध्ये काँग्रेसकडून राज्यसभेत गेले.

२०१२ मध्ये भाजपचे अरुण जेटली विरोधी पक्षात असताना जे बोलले ते आजही खरं आहे. निवृत्तीनंतरच्या पदाची इच्छा निवृत्तीपूर्वीच्या निकालांवर परिणाम करते, असं ते म्हणाले होते. दोन वर्षांनी त्यांचा पक्ष सत्तेवर आला, आणि सप्टेंबर २०१४ मध्ये नुकतेच निवृत्त झालेले सरन्यायाधीश पी. सदाशिवम केरळचे राज्यपाल झाले.

(पडद्यावर : संध्याकाळ, न्यायालयाच्या पायऱ्या उतरणारे वकील, हातात फायली घेतलेले पक्षकार)

९ नोव्हेंबर २०१९ ला अयोध्येचा निकाल लागला. पाच न्यायमूर्तींचा, एकमताचा. अध्यक्षस्थानी असलेले सरन्यायाधीश रंजन गोगोई मार्च २०२० मध्ये राज्यसभेवर नामनिर्देशित झाले, निवृत्तीनंतर चार महिन्यांत. त्याच पीठातले न्यायमूर्ती अशोक भूषण २०२१ मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाचे अध्यक्ष झाले. त्याच पीठातले न्यायमूर्ती अब्दुल नझीर ४ जानेवारी २०२३ ला निवृत्त झाले, १२ फेब्रुवारीला आंध्र प्रदेशचे राज्यपाल म्हणून त्यांचं नाव जाहीर झालं.

निकालामागे दुसरं काही होतं, असं या तारखांवरून सिद्ध होत नाही. तसा आमचा दावाही नाही. पण नेमणूक निकालानंतर होते आणि संशय मात्र उलटा, मागे जातो, जुन्या निकालपत्राच्या पानापानावर बसतो. हरलेल्याला वाटतं, आपलं म्हणणं ऐकलंच गेलं नाही. जिंकलेल्याच्या हातातला निकालही डागाळतो. आणि ज्या न्यायमूर्तींनी मनापासून कायद्यानेच निर्णय दिला, त्यांना तो कायद्यानेच दिला होता हे सिद्ध करण्याची सोय कुठेच उरत नाही.

न्यायाधिकरणांचा प्रश्न वेगळा आहे, हे मान्य करायला हवं. तिथे अनुभवी न्यायमूर्ती लागतातच, आणि सर्वोच्च न्यायालयातली निवृत्ती पासष्टाव्या वर्षी होते. त्या वयात माणूस कामाचा असतो. घटनेने त्याला पुन्हा वकिली करायला बंदी घातली आहे. तेव्हा तिथल्या निवडीत सरकारचा हात वरचढ नसावा, एवढं तरी करता येईल. राज्यपालपदाला मात्र कायद्याचं पदवीपत्रसुद्धा लागत नाही. तिथे न्यायमूर्तीच हवा, असं कुठलाच कायदा म्हणत नाही.

निवृत्तीनंतर दोन वर्षं थांबावं, ही सूचना माजी सरन्यायाधीश आर. एम. लोढा यांनीही केली होती. तशी सक्ती करावी म्हणून मुंबईच्या वकिलांच्या एका संघटनेने केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ऐकली नाही. आम्हाला दोन वर्षंही अपुरी वाटतात. देणारा तोच असेल तर वाट पाहायला माणूस तयार होतो.

(पडद्यावर : अमरावती, नंतर घटनेचं पान)

जून २०२५ मध्ये अमरावतीचे भूषण गवई, तेव्हाचे सरन्यायाधीश, लंडनमध्ये म्हणाले, की निवृत्तीनंतर सरकारी पद घेणार नाही, अशी जाहीर प्रतिज्ञा आपण आणि आपल्या अनेक सहकाऱ्यांनी केली आहे. न्यायमूर्ती चेलमेश्वर आणि न्यायमूर्ती कुरियन जोसेफ यांनी २०१८ मध्ये हेच सांगितलं होतं. या शब्दाचा आम्हाला आदर आहे. पण तो त्या त्या माणसाचा शब्द आहे, त्यांच्या जागी येणाऱ्याला तो बांधून ठेवत नाही.

सरकारचा हिशेब तपासणाऱ्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांना (कॅग) पद सोडल्यावर केंद्र किंवा राज्य सरकारचं कोणतंही पद घेता येत नाही. घटनेच्या १४८ व्या अनुच्छेदात त्यासाठी एक वाक्य आहे, पहिल्या दिवसापासून. तेवढं एक वाक्य न्यायमूर्तींसाठी घाला. निदान राज्यपालपद, राजदूतपद आणि राज्यसभेचं नामनिर्देशन, या तीन जागांपुरतं तरी.