दोन चौकटींच्या मधली जागा

(दृश्य: देसाईगंज तालुक्यातलं एक गाव. कापणी झालेली धानाची बांधी, तिच्यात उभा राहत असलेला नाटकाचा मंडप.)

धान निघालं, बांध्या मोकळ्या झाल्या, की झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यात, नाटकांचे मंडप पडतात. रात्रभर जागून नाटक बघणारी ही माणसं. तीच गोष्ट कीर्तनात वेगळी आणि दंडारीत, म्हणजे इथल्या लोकनाट्यात, वेगळी का वाटते, हे इथल्या प्रेक्षकाला समजावून सांगावं लागत नाही. कॉमिकचा सिनेमा होताना काय घडतं, तेही त्याला पटकन उमगेल. मात्र आधी कॉमिक वाचलेलं हवं.

(दृश्य: घराचा स्लॅब, संध्याकाळ. मोबाईलवर वर सरकणारा अंगठा, अगदी जवळून.)

दक्षिण कोरियात नेव्हर कंपनीचं वेबटून, म्हणजे इंटरनेटवरच्या कॉमिकचं ठिकाण, २००४ साली सुरू झालं आणि पुढे उभ्या पट्टीचं कॉमिक जगभर पोचलं. यात पान उलटायचं नसतं, वरून खाली सरकत जायचं. दोन चौकटींमध्ये सोडलेली मोकळी जागा म्हणजे वेळ. दाराची कडी, बोटभर जागा, आणि लगेच खोलीचं आतलं चित्र: माणूस घाईत आहे. तीच कडी, मग तीन स्क्रीनभर नुसता काळोख, आणि मग खोली: कडी काढायला हात धजत नव्हता. हा काळोख किती वेळ टिकवायचा, ते तुमचा अंगठा ठरवतो.

गावात नेमकी इथेच फसगत होते. वेबटूनच्या कॅनव्हास विभागात, जिथे कुणीही आपलं कॉमिक टाकू शकतो, चित्रकार ८०० पिक्सेल रुंद आणि जास्तीत जास्त १२८० पिक्सेल उंच असे तुकडे चढवतो. एक भाग म्हणजे अशा कितीतरी तुकड्यांची माळ. रेंज तुटली की मधला एखादा तुकडा उतरतच नाही, तिथे कोरी जागा दिसते, आणि वाचणाऱ्याला वाटतं चित्रकारानेच ती सोडली आहे. ओळखायची खूण सोपी आहे. खऱ्या मोकळ्या जागेआधी चित्र पूर्ण झालेलं असतं. तुकडा राहिला असेल तर चेहरा किंवा संवादाचा फुगा सरळ रेषेत कापल्यासारखा संपतो. म्हणून सोय असेल तर रेंज मिळते तिथे उभं राहून भाग डाउनलोड करून घ्यावा आणि घरी निवांत वाचावा. ब्राउझरमधला डेटा वाचवणारा पर्यायही तेवढ्यापुरता बंद ठेवा, कारण तो चित्रं दाबतो आणि बारीक अक्षरं पुसट होतात. रात्री डोळ्यांसाठी लावलेला पिवळा पडदा रंग बदलतो, तोही काढा.

रेंज अगदीच नाजूक असेल तर एक्सकेसीडीपासून सुरुवात करा. २००५ पासून चालू असलेलं हे काडीमाणसांचं कॉमिक एका चित्रात संपतं.

(दृश्य: वाचनालयाची खोली, भिंतीवर पांढरी चादर, प्रोजेक्टर.)

आता सिनेमा. जू हो-मिन यांच्या अशाच एका उभ्या कॉमिकवरून, म्हणजे वेबटूनवरून, २०१७ साली ‘अलाँग विथ द गॉड्स’ आला. मेलेल्या माणसाचा ४९ दिवसांत सात न्यायालयांपुढे हिशेब होतो. चित्रगुप्ताच्या वहीची सवय असलेल्यांना हे परकं वाटणार नाही. वेबटूनमध्ये मेलेला माणूस साधा नोकरदार आहे आणि त्याची बाजू मांडायला एक वकील आहे. सिनेमाने त्या नोकरदाराला अग्निशामक दलाचा जवान केलं आणि वकिलाला काढून टाकलं. पडदा पहिल्याच मिनिटाला पेटला, हे खरं. पण नोकरदाराचा हिशेब हा आपलाही हिशेब होता, तो धागा सुटला. आमच्या मते हा सौदा महागात पडला.

‘पर्सेपोलिस’ या कॉमिक पुस्तकाला हा फटका बसला नाही. मर्जान सत्रापी यांनी हे इराणमधलं बालपण स्वतःच लिहिलं आणि चितारलं. २००७ च्या सिनेमाच्या दिग्दर्शनातही, विन्सां पारोनो यांच्यासोबत, त्या होत्याच. पुस्तकाची दुसरीच चौकट बघा. वर्गातल्या मुलींचा फोटो आहे, आणि सांगणारी मुलगी डाव्या कडेला कापली गेली आहे. डोळा तिला शोधत कडेपर्यंत जातो आणि थांबतो. पडद्यावर असं थांबता येत नाही. सिनेमाने दुसरी वाट काढली: आजचा विमानतळ रंगीत, आठवणी काळ्या-पांढऱ्या. यात युद्ध आणि छळ आहे, त्यामुळे लहान मुलांना बसवू नका. त्यांच्यासाठी ‘निमोना’ आहे, २०१२ साली सुरू झालेलं वेबकॉमिक, सिनेमा २०२३ चा.

(दृश्य: संगणकाचा पडदा. संवादाच्या फुग्यात देवनागरी अक्षरं उमटतात.)

आणि आपल्या बोलीत वाचायचं असेल तर? डेव्हिड रेवॉय यांचं ‘पेपर अँड कॅरट’, म्हणजे छोटी चेटकीण आणि तिचं मांजर, मोकळ्या परवान्यावर आहे. मूळ कर्त्याचं नाव, परवाना आणि आपण केलेला बदल नोंदवला की भाषांतर करून छापताही येतं. चित्र आणि संवाद वेगळ्या फायलींत मिळतात, संवादाची फाइल इंकस्केप या चित्रं काढायच्या मोफत प्रोग्राममध्ये उघडते. अक्षरं युनिकोडच वापरा, बलू हा मोफत फॉन्ट फुग्यात छान बसतो. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमधला मजकूर इथे चिकटवला तर नुसती अगम्य चिन्हं दिसतात. रोमन लिपीसाठी काढलेल्या फुग्यात वरची वेलांटी आणि खालचा उकार एकमेकांवर आदळतात, म्हणून ओळींमधलं अंतर दीडपट करा. तरी मावत नसेल तर अक्षर बारीक करू नका, वाक्य तोडा. ‘तू आता कुठे निघाली आहेस?’ मावत नाही.

(दृश्य: फुगा, जवळून.)

‘कुठी चालली वं?’ मावतं.