तारामाशाच्या अंगातला समुद्र

श्रोतेहो, नमस्कार. घरी खाऱ्या पाण्याचा टँक ठेवणाऱ्या मंडळींशी आज तारामाशाबद्दल बोलायचं आहे. आणि टँक नसला तरी दुकानात काचेला चिकटलेला निळाशार तारा पाहून ज्यांचे पाय अडखळले, त्यांनी तर नक्की ऐकावं. कारण विकत घेतलेले कितीतरी तारामासे नव्या घरात फार काळ जगत नाहीत, आणि पुष्कळदा ते टाळता येण्यासारखं असतं.

तारामाशाला मेंदू नाही, हृदय नाही, आपल्यासारखं रक्तही नाही. त्याच्या पाठीवर, मध्यापासून जरा बाजूला, बारीक छिद्रांची एक चकती दिसते. तिच्या आत पाण्याच्या नळ्यांचं जाळं सुरू होतं. तोंडाभोवती एक कडं, तिथून प्रत्येक हातात एक फाटा, आणि त्या फाट्यांना शेकडो इवले पाय. पायात पाणी दाबलं गेलं की पाय लांबतो, आणि तारा पुढे सरकतो. त्याच्या शरीरातल्या पोकळीत जो द्रव असतो, तोही जवळजवळ समुद्राचंच पाणी. बाहेरच्या पाण्यातलं मीठ बदललं की आतलंही बदलतं, आणि ते थोपवण्याची सोय त्याच्याकडे नाही. माशाकडे ती असते. म्हणूनच ज्या फरकाने मासा जेमतेम अस्वस्थ होतो, तेवढ्यानं तारा मरू शकतो.

आता हे लक्षात ठेवून पिशवी घरी आणा. मासे सोडतो तसं पिशवी थोडा वेळ तरंगत ठेवून ताऱ्याला टँकमध्ये सोडून देऊ नका. पिशवीतलं पाणी ताऱ्यासकट बादलीत घ्या आणि हवेच्या बारीक नळीला गाठ मारून टँकचं पाणी थेंबाथेंबानं त्यात पडू द्या. तीन-चार तास लागले तरी चालेल. टँकमधली क्षारता (म्हणजे पाण्याचं विशिष्ट गुरुत्व) 1.025 च्या आसपास आणि तापमान 24 ते 26 अंश असावं, आणि मुख्य म्हणजे ते रोज तेवढंच असावं. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत गोची होते ती इथेच. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं, क्षारता गुपचूप चढते. उडालेलं पाणी भरून काढायचं ते गोड्या आरओ पाण्यानं, रोज थोडं थोडं. मिठाचं पाणी घालाल तर क्षारता आणखी वाढेल. माशांच्या आजारावर तांब्याचं औषध घालत असाल, तर त्या टँकमध्ये तारा ठेवूच नका.

आणखी एक, काचेवरून तारा ओढून काढू नका. त्याचे पाय नुसत्या हवेच्या पोकळीनं चिकटत नाहीत. त्यातून डिंकासारखा पदार्थ स्रवतो आणि सोडतानाही तो स्वतःच दुसरा पदार्थ सोडतो. ओढलात तर पाय तुटून काचेवर राहतात. हलवायचाच असेल तर पाण्याखालीच, डब्यात घेऊन हलवा.

पण खरी अडचण आहे पोटाची. निळा लिंकिया, म्हणजे दुकानातला तो निळाशार तारा, प्रवाळांच्या खडकांवरचा शेवाळ-जिवाणूंचा पातळ थर खातो. या जिवाला हाताच्या टोकांवर डोळेही असतात. खडकापासून मीटरभर दूर ठेवला तर तो बघत परत जातो, हे 2014 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं आहे. असा जीव नव्याकोऱ्या, चकचकीत टँकमध्ये आणला की त्याला खायला काही नसतं. किमान वर्षभर मुरलेला, जुन्या खडकांनी भरलेला मोठा टँक नसेल, तर मी स्पष्टच सांगेन, लिंकिया घेऊ नका. वाळूत शिरणारा अॅस्ट्रोपेक्टेनही तसाच. वाळूतले किडे, बारीक शिंपल्या तो अख्ख्या गिळतो. लहान टँकची वाळू तो काही महिन्यांत रिकामी करतो आणि मग वाळूखाली, कुणाच्या नजरेस न पडता, उपाशी राहतो. काळ्या शिंगांचा चॉकलेट चिप तारा मात्र दिलेलं खातो, कोळंबीचा तुकडा त्याच्या खाली सरकवा, पुरे. पण तो प्रवाळही खातो, म्हणून प्रवाळांच्या टँकमध्ये नको.

हातांची टोकं मऊ पडली, अंगावर पांढरे चट्टे आले, की आधी क्षारता तपासा. मेलेला तारा लगेच बाहेर काढा, नाहीतर कुजून अमोनिया वाढतो आणि बाकीचे जीव धोक्यात येतात.

लहान टँकसाठी काही हवंच असेल, तर ताऱ्यांचा सडपातळ नातेवाईक ब्रिटल स्टार घ्या. दिवसा खडकाच्या कपारीत बसतो, रात्री बाहेर पडून माशांचं उरलंसुरलं खातो. घेताना रंग तेवढा पाहा. हिरवा असेल तर नको, तो मोठा झाला की झोपलेले लहान मासे पकडतो. नमस्कार.