फाइल दिसते, पण वाचता येत नाही

(व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

आजचा विषय वर्गातलं तंत्रज्ञान आणि वेगवेगळ्या रीतीने शिकणारी मुलं. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, त्यात अध्ययन अक्षमताही आहे. सगळ्यांबद्दल बोलायचंय, पण आधी फॉन्टबद्दल. समोर बहुतेक शिक्षक बसलेत, तेव्हा हे इथे बोललंच पाहिजे.

दृष्टिहीन मुलाच्या लॅपटॉपवर एनव्हीडीए असतो. हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्राम, फुकट मिळतो, सोबतचा ईस्पीक आवाज मराठी वाचतो. मोबाइलवर तेच काम करणारा टॉकबॅक आहे. एवढी तयारी झाल्यावर शाळेतून स्वाध्याय येतो तो कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये! पडद्यावर तुम्हाला ‘शाळा’ दिसतं. फाइलमध्ये मात्र एक अवतरणचिन्ह आणि पुढे इंग्रजी के, के, जी, के एवढंच साठलेलं असतं. फॉन्ट त्यावर देवनागरीचे आकार चढवतो. स्क्रीन रीडर आकार बघत नाही, साठवलेलं अक्षर वाचतो. मुलाच्या कानात पडतं ‘के के जी के’. पानभर असंच. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरावीक संकेत देणारी पद्धत. देवनागरी १९९१ पासून युनिकोडमध्ये आहे, तरी हे चालू आहे, कारण डीटीपी करणाऱ्याच्या बोटांत जुना कळफलक बसलाय. त्याच्यावर चिडू नका. रेमिंग्टन पद्धतीचा, म्हणजे त्याच जुन्या टंकयंत्रासारखा कळफलक युनिकोडसाठीही मिळतो, तो बसवून द्या.

तपासणी सोपी आहे. एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. इंग्रजी अक्षरं उमटली, तर फाइल जुन्या फॉन्टची. मग ती युनिकोडमध्ये बदलून देणाऱ्या कन्व्हर्टरमधून काढा, पण तशीच पुढे पाठवू नका. कृतिदेवमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये व्यंजनानंतर साठते. रफाराचं बरोबर उलटं. जागांची ही अदलाबदल जोडाक्षरांपाशी फसते. ‘स्थिती’, ‘मार्गदर्शन’ असे शब्द शोधून पाहा. मजकुरात खरे इंग्रजी शब्द असतील, तर कन्व्हर्टर त्यांचंही भलतंच देवनागरी करून ठेवतो.

आता शीर्षकं. अक्षर ठळक आणि मोठं केलं म्हणजे शीर्षक झालं नाही. वर्डमधली हेडिंग शैली लावा, प्रत्येक प्रश्नालाही लावा. मग एनव्हीडीएच्या ब्राउझ मोडमध्ये एच दाबत मूल हव्या त्या प्रश्नावर जातं. शैली नसेल, तर दहाव्या प्रश्नासाठी आधीचे नऊ ऐकत बसायचं, आणि परीक्षेचं घड्याळ थांबत नाही. चित्राच्या पर्यायी मजकुरात, म्हणजे चित्राऐवजी स्क्रीन रीडर जे वाचतो त्यात, ‘आकृती’ लिहून भागत नाही. ‘त्रिकोण कखग, कोन ख काटकोन’ असं लिहा. नुसती पीडीएफ देऊ नका, युनिकोडमधून केलेल्या पीडीएफमध्येही जोडाक्षरं तुटतात. सोबत वर्ड फाइल द्या. फळ्याचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकता, त्यात तर वाचायला अक्षरच नसतं.

मागून विचारणा होतेय, मग ब्रेल सोडायचं का? मुळीच नाही. ‘दिन’ आणि ‘दीन’ कानाला सारखेच लागतात, शुद्धलेखन बोटांनीच कळतं. आणि पडद्यावरचा मजकूर ब्रेलच्या ठिपक्यांत उमटवणाऱ्या ब्रेल डिस्प्लेलाही युनिकोडच लागतं.

वेळ संपल्याची चिठ्ठी आलीय, बाकीचं भराभर सांगतो.

वाचताना अडखळणाऱ्या मुलांना हीच फाइल ऐकवा. वाचला जाणारा शब्द रंगवून दाखवायची सोय असेल तर ती चालू करा. अक्षर १४ ते १६ पॉइंट, ओळींत दीडपट अंतर, मजकूर फक्त डावीकडे जुळवलेला. दोन्ही कडा जुळवल्या की शब्दांमधली जागा कमीजास्त होते आणि नजर घसरते. इअरफोन एकाच कानात, दुसरा कान वर्गासाठी मोकळा.

अंधुक दिसणाऱ्यांना मोठी झेरॉक्स देतात. अक्षर वाढतं, फिकेपणा तसाच राहतो. टॅबवर ठळक रंगसंगती द्या आणि खिडकी मुलाच्या पाठीमागे येऊ देऊ नका, पडदा चमकतो.

श्रवणयंत्र पंख्याची घरघरही वाढवतं, म्हणून शिक्षकांच्या तोंडापासून वीतभर अंतरावर कॉलर माइक हवा. व्हिडिओची आपोआप येणारी सबटायटल्स दाखवण्याआधी वाचून घ्या, पारिभाषिक शब्द हमखास चुकतात. आणि प्रोजेक्टरसाठी सगळे दिवे घालवू नका. तुमचे ओठ दिसले पाहिजेत.

ज्यांच्या पेनड्राइव्हवर प्रश्नपत्रिका आहेत त्यांनी पुढे या, इथेच नोटपॅडमध्ये चिकटवून बघू.