डांबरातली भुकटी

काचेच्या भांड्यातल्या पाण्यात पितळेच्या दोन कड्या टांगलेल्या आहेत आणि दोन्हींत भरलेल्या डांबरावर साडेतीन ग्रॅमची एकेक पोलादी गोळी ठेवली आहे. पाणी दर मिनिटाला 5 अंशांनी तापवत नेले, की डांबर मऊ पडून गोळीसकट खाली ओघळू लागते. डावीकडची गोळी आधी तळाशी टेकते, कारण त्या कडीत निव्वळ डांबर आहे. उजवीकडच्या डांबरात चुनखडीची भुकटी मिसळलेली आहे.

75 मायक्रॉनच्या चाळणीतून गळणाऱ्या या भुकटीला रस्तेबांधणीत फिलर म्हणतात. ती खडीमधल्या फटी बुजवते हे खरेच, पण तिचे मोठे काम डांबराच्या आत चालते. खडीला धरून ठेवतो तो डांबर आणि भुकटी या दोहोंचा मिळून झालेला लगदा, आणि उन्हाळ्यात तापलेल्या रस्त्यावर ट्रकच्या चाकांखाली चाकोऱ्या पडू न देण्याची भिस्त बऱ्याच अंशी या लगद्याच्या घट्टपणावर असते. मात्र भुकटी अती झाली तर हाच लगदा कडक होऊन तडकतो. म्हणून डांबराच्या वजनाच्या साधारण 0.6 ते 1.2 पट एवढीच भुकटी घालण्याचा दंडक आहे.

भुकटी कशाची, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. दगड फोडणाऱ्या क्रशरच्या भुकटीतून माती आली तर ती पाणी शोषून फुगते आणि डांबराची खडीवरची पकड सुटते. पावसाळ्यात खडी उखडण्यामागचे हे एक कारण, खड्ड्यांचे खापर मात्र सरसकट डांबरावर फुटते. विरलेला चुना नेमका उलट वागतो. डांबरातल्या आम्लधर्मी घटकांशी त्याचा संयोग होऊन पाण्यात न विरघळणारे क्षार बनतात आणि डांबर दगडाला चिकटून राहते. अमाइनवर्गीय, म्हणजे नायट्रोजनयुक्त, द्रवरूप रसायनेही हीच पकड वाढवतात, तर एसबीएससारखे (स्टायरीन-ब्युटाडाईन-स्टायरीन) पॉलिमर डांबराला रबरासारखी लवचीकता देतात. परंतु मातकट भुकटीवर महागडे पॉलिमर हा उतारा नव्हे.

आता शेवटची चाचणी. डांबर माखलेली खडी 40 अंशांच्या पाण्यात 24 तास बुडवून ठेवली होती. ती बाहेर काढून निरीक्षक प्रत्येक खड्यावर उघडा पडलेला दगड शोधतो. किमान 95 टक्के पृष्ठभाग काळाच राहिला असेल, तरच ही खडी आणि हे डांबर कामावर जाते.