पलंगाखाली विटा किती?

श्रोतेहो, नमस्कार.

26 जुलै 2005 हा दिवस मुंबईकराला आठवून द्यावा लागत नाही. सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्याच दिवशी कुलाब्यात मात्र पाऊणशे मिलिमीटरही भरला नाही. शहर एकच, मध्ये लोकलचा तासभराचाही प्रवास नाही. आता या दोन आकड्यांची सरासरी काढून कुणाचं भलं होणार?

हवामान बदलापुढे शहर किती तग धरेल, हे जोखताना अभ्यासक तीन गोष्टी बघतात. संकट केवढं, त्याच्या वाटेत कोण नि काय येतं, आणि फटका बसल्यावर सावरायची ताकद किती. पहिलीचा हिशेब पर्जन्यमापक ठेवतो. तिसरीसाठी माणसांच्या घरात डोकवावं लागतं.

जून लागताना कुर्ल्यात मिठी नदीकाठच्या एखाद्या खोलीत जाऊन बघा. पलंग विटांवर चढवलेला, फ्रिज लोखंडी स्टँडवर, रेशनकार्ड आणि पोरांचे शाळेचे दाखले प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून माळ्यावर. भिंतीवर जुन्या पाण्याची पुसट रेघ. घरात पाणी शिरलं की सामान तर जातंच, शिवाय चार दिवसांचा रोजही बुडतो. तेवढाच पाऊस चौथ्या मजल्यावरच्या माणसाला फार तर रजा मिळवून देतो.

गटारांचंही तसंच. मुंबईच्या जुन्या पर्जन्यवाहिन्या ताशी 25 मिलिमीटर पावसाच्या बेताने बांधलेल्या, तेही समुद्राला ओहोटी असेल तर! पुढे ही क्षमता 50 वर न्यायचं ठरलं, हाजी अली आणि इर्ल्याला पंपिंग स्टेशनं झाली. (पालिकेच्या कागदावर ‘उदंचन केंद्र’, रिक्षावाल्याला तसं विचारून बघा.) पण भरती साडेचार मीटरच्या वर असताना जोराची सर आली, की पाण्याने जायचं कुठे?

मार्च 2022 मध्ये मुंबईचा वातावरण कृती आराखडा जाहीर झाला. त्यात पुराबरोबर उष्णताही धरली आहे, हे मला फार बरं वाटलं. मे महिन्यात पत्र्याखाली दुपार काढणाऱ्याला दारात पाणी नसलं तरी संकट असतंच.

धोक्याच्या जागांचे नकाशे आता चांगले होतात. तरी घरोघरच्या पाहणीच्या फॉर्मवर माझा एक रकाना वाढवा: पलंगाखाली विटा किती?