घोट्याची पट्टी काय धरते आणि काय धरत नाही

तुमच्यापैकी बहुतेकांच्या किटबॅगेत क्रेप बँडेज असणार. कबड्डीच्या खेळाडूचा पाय मुरगळला की ते गुंडाळायचं आणि पुन्हा चढाईला पाठवायचं, ही आपली जुनी सवय. पण क्रेप ताणलं जातं, आणि जे ताणलं जातं ते पाऊल आत वळताना अडवू शकत नाही. सूज दाबायला क्रेप चांगलं, आधाराला निकामी. रंगीत लवचीक टेपचंही तेच. कापडी अँकलेटमुळे सांधा ऊबदार राहतो, पाऊल कुठे पडतंय याची जाणीव थोडी वाढते, पण त्यानेही काही धरून ठेवलं जात नाही.

घोटा बहुतेक वेळा एकाच तऱ्हेने मुरगळतो. चवडा खाली जातो आणि तळवा आतल्या बाजूला वळतो. बाहेरच्या बाजूला तीन लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड जोडणारे पट्टे, असतात, त्यातलं पुढचं सगळ्यात आधी ताणतं किंवा फाटतं. कबड्डीत याला निमित्तांची कमी नाही. बोनससाठी चढाईपटू एक पाय लांबवतो, कोपऱ्यातला खेळाडू नेमका त्याचा घोटा पकडतो आणि चढाईपटू अंग मध्यरेषेकडे झोकून देतो. पाऊल मागे अडकलेलं, अंग पुढे गेलेलं, पिळवटतो तो मधला सांधा. मातीत पाय थोडा तरी सरकायचा. मॅटवर बुटाचा रबरी तळवा चिकटून बसतो.

दुखापत ताजी असेल तर पट्टीला हात लावण्याआधी दोन गोष्टी बघा. घोट्याच्या आतल्या आणि बाहेरच्या हाडाची मागची कड टोकापासून वर ६ सेंटिमीटरपर्यंत बोटाने दाबा. मग करंगळीच्या रेषेत पावलाच्या मध्यावर जे हाड टोचतं ते, आणि आतल्या बाजूला कमानीच्या वरचं हाड दाबा. यातलं काही हाडावरच दुखलं, किंवा खेळाडूला चार पावलं टाकता आली नाहीत, तर पट्टी नाही, एक्स-रे. हे ओटावाचे नियम १९९२ मध्ये कॅनडात मांडले गेले आणि मैदानावर आजही उपयोगी पडतात.

आता खरं काम. लागते ती ३८ मिलिमीटर रुंदीची, न ताणली जाणारी झिंक ऑक्साइड टेप. खेळाडूला बाकावर बसवा. पोटरीचा निम्मा भाग बाकाबाहेर, पाऊल काटकोनात, बोटं नाकाकडे. टेप संपेपर्यंत पाऊल असंच ठेवायला सांगा. गप्पांच्या नादात चवडा खाली पडला की पट्टी चुकीच्या कोनात बसते आणि धावताना पुढच्या बाजूला काचते. केस आदल्या रात्री काढलेले बरे. तेव्हाच्या तेव्हा वस्तरा फिरवला तर सोललेल्या कातडीवर टेप चिकटते आणि काढताना खेळाडू तुमचं नाव घेतो. घाम पुसा, चिकट स्प्रे मारा. टाचेच्या मागे पोटरीतून उतरणाऱ्या जाड शिरेवर (अकिलीस टेंडन) आणि पावलाच्या वळणावर पुढे छोटी पॅड ठेवा, त्यांच्या आतल्या बाजूला कणभर पेट्रोलियम जेली. कबड्डीत अंगाला तेलकट काही लावायला मनाई आहे, म्हणून जेली पॅडबाहेर दिसता कामा नये. त्यावर अंडररॅप, म्हणजे टेपखाली गुंडाळायची फोमची पातळ पट्टी, एकच थर. दोन-तीन थर दिले की टेप फोमला धरते, फोम घसरतो आणि सगळं मोज्यासारखं फिरायला लागतं.

पहिल्या दोन पट्ट्या पोटरी जिथे सुरू होते तिथे, एक पावलाच्या मध्यावर. वरच्या पट्टीची निम्मी रुंदी उघड्या कातडीवर हवी. या बांधण्याच्या पट्ट्या ओढायच्या नाहीत, नुसत्या ठेवायच्या. उभं राहिल्यावर पाऊल पसरतं. पावलावरची पट्टी घट्ट असेल तर पाचव्या मिनिटाला करंगळीच्या बाजूला कळ येते. मग रिकिबी, म्हणजे खोगिराच्या रिकिबीसारखी टाचेखालून दोन्ही बाजूंना वर जाणारी पट्टी. आतल्या बाजूने सुरू करा, टाचेखालून न्या आणि बाहेरच्या बाजूने वर ओढा. ओढ फक्त इथे. अशा तीन, प्रत्येक आधीचीला निम्मी झाकणारी. त्यांच्यामध्ये टाचेमागून जाणाऱ्या आडव्या पट्ट्या, म्हणजे टोपलीसारखी वीण तयार होते. शेवटी टाचेला दोन्ही बाजूंनी कुलूप: पट्टी पुढून निघून घोट्यामागून तिरकी टाचेवर, तळव्याखालून परत पुढे. आतल्या बाजूला एक, बाहेरच्या बाजूला एक. घाईत हेच गाळलं जातं, आणि टाच डोलायला हेच पुरतं. उरलेल्या फटी बंद करा. उघडी राहिलेली खिडकी किंवा सुरकुती म्हणजे फोड. मग खेळाडूच्या पायाच्या अंगठ्याचं नख दाबून सोडा. दोन सेकंदांत गुलाबी झालं नाही किंवा बोटांना मुंग्या आल्या, तर सगळं कापून पुन्हा.

पट्टी सांध्याला धरते, पण पट्टीला धरणारी कातडीच असते. कातडी सरकते, वर घाम येतो. वीस ते तीस मिनिटांच्या जोरदार खेळात टेपचा बराचसा ताठरपणा जातो. पुरुषांच्या कबड्डीत डाव २० मिनिटांचा, मधली विश्रांती ५ मिनिटांची. वॉर्म-अपच्या आधी बांधलेली टेप दुसऱ्या डावात नावालाच उरते. म्हणून वॉर्म-अपनंतर बांधा. मध्यंतरात पूर्ण उसवायला वेळ नसतो, तेव्हा वरून दोन रिकिबी आणि टाचेची दोन कुलपं नव्याने द्या. शेवटचं टोक पोटरीच्या बाहेरच्या बाजूला दाबून बसवा, नाहीतर पकड करणाऱ्याचं बोट त्यात अडकतं आणि दुखापत त्याला होते.

काढताना बोथट टोकाची कात्री आतल्या घोट्याच्या मागून चालवा. टेप कातडीवरून उचलून ओढू नका. टेप कातडीलगत मागे दुमडत न्या आणि दुसऱ्या हाताने कातडी तिच्यापासून मागे ढकला.

मग लेस आणि तिरके पट्टे असलेला ब्रेस, म्हणजे घोट्याचा तयार आधार, का नको? बऱ्याच संघांसाठी तोच बरा. तो धुता येतो, पुन्हा वापरता येतो, आणि मध्यंतरात अर्ध्या मिनिटात पुन्हा कसता येतो. खेळाडू स्वतः घालतो, बांधणाऱ्याच्या हातावर काही अवलंबून राहत नाही. मोज्यावर घालायचा, माप बनवणाऱ्या कंपनीच्या तक्त्याप्रमाणे मोजपट्टीने घ्यायचं. बूट अर्ध्या नंबराने मोठा लागतो, हे आधीच सांगा. दोन्ही बाजूंना प्लास्टिकची कवचं असलेले ब्रेस जास्त अडवतात, पण अंगावर अंग येणाऱ्या खेळात ते दुसऱ्याला लागतात. ते सरावापुरते ठेवा, सामन्यात पंचांना विचारल्याशिवाय नको. ब्रेसने घोटा दुबळा होतो ही भीती फारशी खरी नाही. दुबळा होतो तो व्यायाम सोडल्याने. एका पायावर ३० सेकंद, मग डोळे मिटून, रोज. सगळ्यात जास्त फायदा होतो तो आधी मुरगळलेल्या घोट्याला, आणि तिथे आधार सहा महिने ते वर्षभर चालू ठेवावा.

मांडीला मुका मार लागला की मात्र बांधण्यापेक्षा भार वाटण्याचा प्रश्न असतो. सुमारे १ सेंटिमीटर जाडीचा घट्ट ईव्हीए फोम घ्या. दुखऱ्या भागापेक्षा चहूबाजूंनी दोन बोटं मोठं भोक कापा, म्हणजे धक्का भोवतालच्या स्नायूवर जाईल. बाहेरच्या कडा तिरक्या छाटा आणि तो घट्ट शॉर्टच्या आत बसवा. वर टेप लागत नाही. पहिले काही दिवस त्या जागी मालीश किंवा शेक नको. आत साचलेलं रक्त वाढतं आणि कधी कधी त्या स्नायूत हाड तयार व्हायला लागतं. पहिल्या रात्री गुडघा जमेल तितका वाकवून बांधून ठेवला, तर तो सकाळी आखडलेला मिळत नाही.