कोरड्या हवेचं वाद्य

[काळा पडदा. चामड्याची झडप उघडल्या-मिटल्याचा आवाज.]

आधी फक्त हा आवाज ऐका. अजून सूर लागलेला नाही. भात्याच्या पोटात हवा शिरतेय आणि तिथून पिशवीत जातेय, एवढंच. शिकायला लागलो तेव्हा पहिले तीन आठवडे मी हेच वाजवत होतो.

[दृश्य: डब्लिन, हेन्रिएटा स्ट्रीट. संध्याकाळ, ओला रस्ता.]

ही डब्लिनची हेन्रिएटा स्ट्रीट. लिफी नदीच्या उत्तरेला, चढावरची छोटी गल्ली. दोन्ही बाजूंना अठराव्या शतकातली विटांची उंच घरं. त्यातल्या पंधरा नंबरच्या घरात ‘ना पीबरी इलन’ ही संस्था आहे. आयरिश भाषेत पीबरी म्हणजे पाइप वाजवणारे, आणि इलन म्हणजे कोपराचे. कोपरानं हवा भरून वाजवायचं हे वाद्य, इलन पाइप्स.

बॅगपाइप म्हटलं की आपल्याला सव्वीस जानेवारीचं संचलन आठवतं. सैन्याचा बँड, फुगलेले गाल, खांद्यावर उभ्या नळ्या. ते स्कॉटलंडचं वाद्य, मोकळ्या मैदानासाठी घडलेलं. इलन पाइप्स बसून वाजवतात, खोलीत, शेकोटीजवळ, दहा-बारा माणसांत. तोंड रिकामं राहतं. वाजवता वाजवता वादक शेजाऱ्याशी बोलूही शकतो, आणि चांगले वादक बोलतातही.

मी मिरजेचा. लहानपण सतारमेकर गल्लीच्या शेजारी गेलं. दुकानांत टांगलेले भोपळे, लाखेचा वास, तंबोऱ्याच्या घोडीवर कानस फिरवून जवारी लावणारे कारागीर, हे रोजचं. गवई यायचे, तंबोरा ठेवून जायचे, चार दिवसांनी घेऊन जायचे. वाद्य वाजवणारा वेगळा आणि सांभाळणारा वेगळा, असंच मी धरून चाललो होतो. नोकरीसाठी डब्लिनला आलो, हे वाद्य हातात घेतलं, आणि पहिल्याच दिवशी शिक्षकांनी माझ्यासमोर चाकू, मेण लावलेला दोरा आणि तांब्याची तार ठेवली. म्हणाले, हेही शिकायचंय, आजपासूनच.

[दृश्य: टेबलावर सुटा केलेला पूर्ण संच. कॅमेरा एकेका भागावरून सावकाश.]

हा सुटा संच पाहा. ही पिशवी, डाव्या काखेत धरायची. हा भाता. लोहाराच्या भात्याचाच धाकटा भाऊ. एक पट्टा कंबरेला, एक उजव्या दंडाला, कोपराच्या वर. हा चँटर, याच्यावर बोटं फिरतात. पुढे सात भोकं आणि मागे एक अंगठ्याचं. खालचं तोंड मांडीवर बांधलेल्या कातड्याच्या तुकड्यावर टेकवायचं. सगळी भोकं झाकून चँटर टेकवला की वाद्य गप्प. उचलला की सर्वांत खालचा सूर.

या तीन नळ्या अखंड सूर धरतात. सर्वांत छोटी चँटरच्या खालच्या ‘सा’ला जुळलेली, मधली त्याच्या एक सप्तक खाली, आणि ही लांब, वळसा घेतलेली, आणखी एक सप्तक खाली. आपल्याकडे सनईवाल्याशेजारी सूर धरणारा बसतो. इथे तसे तिघं जण एकाच वादकाच्या मांडीवर आडवे पडलेले असतात.

आणि या पितळी चाव्यांच्या नळ्या म्हणजे रेग्युलेटर. याही तीन, आणि बहुतेक संचांत मिळून तेरा चाव्या. उजवा हात चँटरवर धावत असतानाच त्याच हाताच्या मनगटाकडच्या कडेनं या दाबायच्या आणि सुरांची जोड द्यायची. मी अजून तिथपर्यंत पोचलेलो नाही. जुनी म्हण आहे की इलन वादक व्हायला सात वर्षं शिकण्यात, सात वर्षं सरावात आणि सात वर्षं वाजवण्यात जातात. मी पाचव्या वर्षात आहे.

[दृश्य: रीडचा जवळून शॉट. दोन पातळ पाती, मधे बारीक फट.]

आता या वाद्याचा जीव कुठे आहे ते बघा. चँटरच्या टोकात, झाकणाखाली, ही एवढीशी रीड. सनईच्या पत्तीसारखीच दुहेरी. दोन पाती एकमेकांवर थरथरली की सूर निघतो. सनई फुंकताना श्वासाबरोबर ओलावा आणि ऊब आत जाते. भात्याची हवा खोलीतलीच, कोरडी. भिजायची भीती नाही म्हणून ही रीड खूप नाजूक ठेवता येते. नाजूक रीड थोड्या दाबावर बोलते, आवाज मवाळ राहतो, आणि दाब जरा वाढवला की ती वरच्या सप्तकात जाते. स्कॉटिश पाइप्सना नऊ सूर मिळतात, इलन पाइप्सना पूर्ण दोन सप्तकं. या वाद्याचा सगळा गोडवा त्या कोरड्या हवेचा आहे. त्याचा सगळा त्रासही तिचाच.

[दृश्य: सराव. फक्त कोपर आणि काख.]

शिकणं कोपरापासून सुरू होतं. नवशिक्याला वाटतं की भाता जोरात हाणायचा. तसं केलं की प्रत्येक झटक्याला सूर वर उडतो आणि मग खाली कोसळतो. खरं काम डाव्या काखेचं. पिशवीवरचा दाब तिनं सांभाळायचा. उजवीकडून हवा येईल तेव्हा डावीनं तेवढंच सैल व्हायचं, भाता पुन्हा उघडेल तेव्हा तेवढंच आवळायचं. ऐकणाऱ्याला यातलं काही कळता कामा नये. शिक्षक मला एकच सूर धरायला लावायचे आणि स्वतः खिडकीबाहेर बघत उभे राहायचे. सूर हलला की न वळता बोट वर करायचे. त्या बोटाची मला धास्तीच बसली होती.

मग वरचं सप्तक. चँटर मांडीवर टेकवून क्षणभर पूर्ण बंद करायचा, काखेनं दाब वाढवायचा आणि बोट उचलायचं. दाब कमी पडला तर खालचाच सूर येतो, जास्त झाला तर किंकाळी. हे मला पहिल्यांदा धड जमलं तेव्हा फेब्रुवारी चालू होता, बाहेर चार वाजल्यापासूनच अंधारून आलं होतं, आणि मी तो एक सूर त्या संध्याकाळी शंभरदा तरी घेतला असेल.

[ध्वनी: सावकाश लयीतलं वादन, काही क्षण.]

हे वाद्य जवळजवळ गेलंच होतं. १९६८ साली मीथ परगण्यातल्या बेटीस्टाउनला वादक एकत्र जमले आणि त्यांनी ही संस्था उभी केली, तेव्हा इलन वाजवणारे शंभराच्या आतच उरले होते. बनवणारे तर बोटांवर मोजण्याएवढे. आज हजारो लोक हे वाद्य वाजवतात. २०१७ साली युनेस्कोनं इलन वादनाला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत जागा दिली. १९६८ ते २०१७ या मधल्या काळातलं काम पंधरा नंबरच्या या घरात आणि क्लेअर परगण्यातल्या मिलटाउन मॅलबेसारख्या गावांत झालं. तिथे १९७३ पासून दर जुलैत विली क्लॅन्सी या वादकाच्या नावानं उन्हाळी शाळा भरते.

आधी एक गोष्ट वादकाची. जॉनी डोरन हा फिरस्ता वादक. घोड्याच्या गाडीत बिऱ्हाड, जत्रेत आणि बाजारात वादन. १९४७ साली आयरिश लोकसाहित्य आयोगानं त्याला डब्लिनला बोलावून तबकड्यांवर त्याचं वादन उतरवून घेतलं. नंतरच्या जानेवारीत, डब्लिनमध्येच, त्याची गाडी उभी होती तिथली भिंत वाऱ्यानं गाडीवर कोसळली. पाय लुळे पडले. १९५० मध्ये तो वारला. आज जगभरचे विद्यार्थी त्याचं वादन ऐकतात ते त्या मोजक्या तबकड्यांतून. ते आधी उतरवून घेतलं नसतं तर, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

दुसरी गोष्ट वाद्याची. सन १९०८. जेम्स एनिस या माणसाला लंडनमधल्या एका गहाणवटीच्या दुकानात एक पोतं सापडलं. आत जुन्या पाइप्सचे सुटे भाग होते, डब्लिनचा कारागीर कॉइन यानं बनवलेले. त्यानं ते घेतले आणि दुरुस्त करून घेतले. त्यांच्यावर त्याचा मुलगा शेमस एनिस वाजवत राहिला, आणि शेमस विसाव्या शतकातल्या मोठ्या वादकांपैकी एक झाला. १९८२ साली जाताना त्यानं तो संच लिअम ओ’फ्लिन या वादकाला ठेवला. पोत्यातल्या लाकडांना कुणीतरी दोरा गुंडाळला, कुणीतरी पिशवी शिवली, रीड घातल्या, म्हणून पुढच्या दोन पिढ्यांना ते ऐकू आलं.

[दृश्य: हात. मेणाचा गोळा, दोरा, चँटरचा सांधा.]

म्हणून आता त्या हातांच्या कामाकडे येऊ. महिन्यातून एकदा मी पिशवीची परीक्षा घेतो. तोंडं बुचांनी बंद करायची, हवा गच्च भरायची, काखेत दाबून धरायची आणि थांबायचं. पिशवी ढिली पडली तर शिवणीपाशी गाल न्यायचा. बारीक फुंकर गालाला लगेच कळते. मग भात्याची झडप. कातडं वाळून कडक झालं की नीट मिटत नाही, आणि अर्धी हवा मागच्या मागे पळते. सांध्यांवरचा दोरा हवामानाप्रमाणे बदलावा लागतो. लाकूड आक्रसलं की सांधा सैल, म्हणून दोन वेढे वाढवायचे. ओलाव्यात फुगलं की तेच वेढे काढायचे. न काढता जोर लावला तर लाकूड तडकतं, आणि हे लाकूड म्हणजे बहुतेकदा आफ्रिकन ब्लॅकवूड, हवं तेव्हा मिळत नाही.

एखादा सूर चढा लागला तर त्या भोकाच्या कडेला थोडं मेण लावतात. आणि एक जुनी युक्ती मला फार आवडते. पाणथळ जागी उगवणारं, आपल्या लव्हाळ्यासारखं गवत असतं. त्याची काडी चँटरच्या पोकळीत खालून सरकवतात. काडी कमी-जास्त आत सारली की सूर जागेवर येतात. लाखांचं वाद्य, आणि त्याला ताळ्यावर आणणारी ओढ्याकाठची काडी.

सर्वांत अवघड काम रीडचं. अरुंडो डोनॅक्स नावाचा नळ, म्हणजे एक उंच गवत असतं, बोरूसारखं पोकळ. तो चिरायचा, आतून कोरून पातळ करायचा, दोन पाती समोरासमोर ठेवून धातूच्या बारीक नळीवर दोऱ्यानं आवळायची, आणि मग बाहेरून खरवडायचं. वर ही तांब्याची पट्टी. ती किंचित दाबली की रीडचं तोंड मिटतं, कडेनं दाबली की उघडतं. माझ्या पहिल्या अकरा रीडपैकी एकही बोलली नाही. शिक्षकांचा नियम एकच आहे: कमी केलेलं परत लावता येत नाही.

[दृश्य: मिरज. उन्हात पांढरा पडलेला रस्ता. सतारमेकर गल्ली.]

हा नियम मी मोडला तो मिरजेत. दोन वर्षांपूर्वीचा मे महिना. सुट्टीवर येताना सराव संच, म्हणजे नुसती पिशवी, भाता आणि चँटर, बरोबर आणला होता. आईला ऐकवायचं होतं. संध्याकाळी पट्टे बांधले, भाता चालवला, आणि चँटरमधून नुसती चिरकी हवा आली. डब्लिनच्या दमट हवेत घडलेली रीड मिरजेच्या उन्हाळ्यात आक्रसून गेली होती. मला हे कळत होतं. तरी मी पॉलिश पेपर काढला आणि घासत बसलो. थोडं, अजून थोडं, अजून थोडं. चौथ्या खेपेला पात्याच्या टोकाला केसाएवढी चीर गेली. शिक्षकांनी स्वतःच्या हातानं बनवून दिलेली रीड होती ती.

दुसरी रीड खिशात घालून मी गल्लीतल्या जुन्या ओळखीच्या कारागिराकडे गेलो. चाचांनी हे वाद्य कधी पाहिलेलं नव्हतं. त्यांनी रीड उजेडात धरली, नखानं हलकेच टिचकी मारली.

“पाण्याकडंचं झाड हाय न्हवं हे?” त्यांनी विचारलं.

मी हो म्हणालो.

“मग त्याला हितल्या हवेत बसू दे की जरा. आमी भोपळा आनला म्हंजी लगीच कापतोय व्हय? आल्या आल्या कुणाच्या अंगाला हात लावू न्हाई.”

घरी येऊन मी रीड बसवलेला चँटर पेटीत ठेवला. आईनं ती पेटी उचलून माठाच्या शेजारी नेऊन ठेवली, जिथं भिंत नेहमी गार असते. सहा दिवस मी पेटीला हात लावला नाही. सहाव्या दिवशी दुपारी आभाळ भरून आलं आणि वळीव कोसळला. गारांसकट. रात्री मातीचा वास घरभर असताना मी पट्टे बांधले. तांब्याची पट्टी कडेनं किंचित दाबली, इतकी किंचित की हललीय की नाही ते दिसू नये. खालचा ‘सा’ लागला. मग वरचाही. आई दाराशी उभी राहून ऐकत होती. म्हणाली, “सनईसारखं आहे, पण घरातलं आहे.”

[दृश्य: हेन्रिएटा स्ट्रीट, पंधरा नंबर. आतली खोली, उंच छत.]

परत आल्यावर शिक्षकांना मी दोन्ही रीड दाखवल्या. चिरलेली त्यांनी हातात घेऊन बाजूला ठेवली, बोलले काहीच नाहीत. दुसरी ओठांना लावून हवा ओढली, कान देऊन तिची कुरकुर ऐकली. त्यांचा हात टेबलावरच्या चाकूकडे गेला नाही. रीड त्यांनी तशीच माझ्या चँटरमध्ये बसवली. मग कोपऱ्यातल्या कपाटातून दुसरी पेटी काढली. आत तीन नळ्या होत्या, जुन्या, पितळेच्या कड्यांच्या. त्यांनी त्या माझ्या उजव्या मांडीवर ठेवल्या, सांधे थोडे सरकवले, पुन्हा सरकवले, आणि म्हणाले, “आता सूर सोड.”

[ध्वनी: पहिली नळी. मग दुसरी. मग खालची, खोल. तिन्ही जुळेपर्यंत पडद्यावर फक्त कोपर.]